हेगला जाता येत नाही, मग गावात सुनावणी भरवून काय होणार?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१७ च्या हंगामात घाटंजीकडच्या तुमच्या गावात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. काही माणसं गेली. जी वाचली त्यांच्यातल्या काहींची नजर आणि हातातला जोर पहिल्यासारखा राहिला नाही. औषध बनवणारी कंपनी परदेशातली. आता एक संस्था म्हणते, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ. दुसरी म्हणते, गावातच लोकन्यायाधिकरण, म्हणजे सरकारचं नव्हे तर लोकांनीच उभं केलेलं न्यायालय, भरवू, निवृत्त न्यायमूर्ती बोलावू, निकाल जाहीर करू. यातलं खरं किती, आणि गावाने वर्गणी कशासाठी काढावी, हे तुम्हाला हवं आहे.

मी यवतमाळात वकिली करतो. अशा जनसुनावण्यांत कधी साक्षी लिहून घ्यायला, कधी पंचांच्या मदतीला बसत आलो आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: हेगसाठी एक रुपयाही गोळा करू नका. सुनावणी जरूर भरवा, पण तिच्या निकालाची फार आशा धरू नका. तिथे लिहून निघणाऱ्या साक्षी हाच तिचा खरा माल आहे.

हेगमध्ये दोन वेगळी न्यायालयं आहेत आणि आपल्याकडच्या भाषणांत ती सर्रास एक होऊन जातात. पहिलं संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. पंधरा न्यायाधीश, प्रत्येकाची मुदत नऊ वर्षांची. त्याच्या संविधीतलं कलम ३४ सांगतं की इथे पक्षकार फक्त देश होऊ शकतात. माणूस, गाव, संघटना, कंपनी यांपैकी कोणालाही तिथे उभं राहता येत नाही. कुलभूषण जाधवांचं प्रकरण आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नागपूरच्या हरीश साळवेंनी एक रुपया घेऊन बाजू मांडली, १७ जुलै २०१९ ला निकाल आला. पण तो खटला भारत विरुद्ध पाकिस्तान असा होता. जाधवांच्या घरच्यांना स्वतःच्या नावाने तिथे अर्ज करता आला नसता. भारत सरकारने मनावर घेतलं, म्हणून प्रकरण उभं राहिलं.

आता तुमच्या गावासाठी भारताने कंपनीच्या देशाला हेगला खेचायचं ठरवलं, तर कारण काय दाखवणार? ते औषध आपल्याच देशात, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, आपल्याच नोंदणी समितीच्या मंजुरीने विकलं गेलं. स्वतःच्या सहीच्या कागदाविरुद्ध कोणतं सरकार परदेशात भांडायला जाईल?

शिवाय जिंकून भागतंच असं नाही. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्धचा खटला १९८६ मध्ये जिंकला. अमेरिकेने निकाल मानला नाही, आणि अंमलबजावणीचा विषय सुरक्षा परिषदेत गेला तेव्हा तिथे स्वतःचाच नकाराधिकार वापरला.

दुसरं आहे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. १९९८ चा रोम करार, २००२ पासून अंमल. भारत त्याचा सदस्य नाही. तिथे आरोपी म्हणून फक्त माणूस उभा करता येतो, कंपनी नाही. गुन्हे चारच: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. यावर हुशार मंडळींचा एक युक्तिवाद असतो. भारत सदस्य नसला तरी कंपनीचे अधिकारी ज्या देशाचे नागरिक आहेत तो देश सदस्य असेल, तर अधिकारक्षेत्र मिळतं. कागदावर हे बरोबर आहे. पण मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणायला नागरी लोकसंख्येवरचा व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला दाखवावा लागतो, आणि आरोपीला तो माहीत होता हेही. घातक औषध अपुऱ्या काळजीने विकलं, या गोष्टीला त्या चौकटीत बसवणारा वकील मला अजून भेटायचा आहे.

इथे एक सावधगिरी. त्या न्यायालयाच्या अभियोक्त्याकडे, म्हणजे तिथे खटले चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जगातला कोणीही माहिती पाठवू शकतो, आणि माहिती पोहोचल्याची पोच येते. ती पोच म्हणजे केस दाखल झाली असं नव्हे. पण इंग्रजी शिक्क्याचं ते पत्र दाखवून ‘हेगमध्ये केस टाकली’ म्हणत निधी मागणारे लोक असतात. असं पत्र कोणी दाखवलं तर केस क्रमांक विचारा. आणि केस लागली तरी पकडून कोण आणणार? मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट निघालं. पुढच्या वर्षी ते मंगोलियाला गेले. मंगोलिया या न्यायालयाचा सदस्य देश. तिथे त्यांना कोणी अडवलं नाही. या न्यायालयाला स्वतःचे पोलीस नाहीत.

म्हणून हेगचं सगळंच फुकट, असंही मी म्हणणार नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मोहीम सुरू केली: हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे न्यायालयाला विचारा. त्यांनी वानुआतूच्या सरकारला पटवलं, वानुआतूने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला पटवलं, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने सल्लागार मत दिलं. पण पाहा, तिथेही दार देशांनीच उघडलं. विद्यार्थ्यांनी आधी आपल्या सरकारला आपल्या बाजूला वळवलं. आपल्याकडे औषध नोंदणारं सरकार आणि गावाला भरपाई देणारं सरकार एकच आहे, तेव्हा ते वळण आपल्याला कितीतरी अवघड.

आता लोकन्यायाधिकरणाचं. याचा आधुनिक नमुना ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचा. व्हिएतनाममधल्या अमेरिकेच्या युद्धावर त्यांनी १९६६ मध्ये न्यायाधिकरण उभं केलं, अध्यक्ष ज्याँ-पॉल सार्त्र. पॅरिसला बैठक घ्यायची होती. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी परवानगी नाकारली आणि सार्त्र यांना कळवलं की न्याय ही फक्त राज्यसंस्थेची गोष्ट आहे. मग १९६७ मध्ये स्टॉकहोम आणि डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड इथे बैठका झाल्या. त्याच मंडळींतले इटलीचे लेलिओ बासो यांच्या विचारातून १९७९ मध्ये बोलोन्याला स्थायी लोकन्यायाधिकरण स्थापन झालं. औद्योगिक धोक्यांवरच्या आपल्या मालिकेतली एक बैठक त्याने १९९२ मध्ये भोपाळला घेतली. आणि तुमच्या विषयाशी थेट नातं असलेली बैठक डिसेंबर २०११ मध्ये बंगळुरूला झाली. कृषिरसायनं विकणाऱ्या सहा बड्या बहुराष्ट्रीय कंपन्या तिथे आरोपी होत्या. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये खुद्द हेगमध्ये मोन्सँटो या बियाणं आणि कृषिरसायनं विकणाऱ्या कंपनीवर एक न्यायाधिकरण भरलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या माजी न्यायाधीश फ्रान्स्वाज ट्युल्कन्स अध्यक्ष होत्या. कंपनीने यायला नकार दिला. एप्रिल २०१७ मध्ये मत जाहीर झालं.

बंगळुरूच्या निवाड्याने कंपन्यांना दोषी धरलं. त्यानंतर पाच हंगाम गेले आणि यवतमाळचा २०१७ उजाडला. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. गुलाबी बोंडअळीने अळी रोखणाऱ्या बीटी बियाण्याला दाद दिली नाही. एका पंपात दोन-तीन औषधं मिसळून जोराचा फवारा वरच्या दिशेने मारायचा, आणि तो वाऱ्याने परत तोंडावर यायचा. जिल्ह्यात वीसेक माणसं गेली, शेकडो रुग्णालयात भरती झाली. निवाडा कपाटात राहिला. त्या निवाड्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांना हे मी तोंडावर सांगतो, आणि माझ्यावर रागावणारे त्यात माझे मित्रही आहेत.

तरीही मी सुनावणी भरवा म्हणतो, त्याचं कारण तुमच्याच जिल्ह्यात घडलेलं आहे. २०१७ च्या विषबाधेत एका स्विस कंपनीच्या औषधाचं नाव पोलिसांच्या नोंदींत आलेलं होतं. त्या आणि इतर कागदांच्या आधारे २०२० मध्ये ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमधल्या ओईसीडीच्या (प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) संपर्क केंद्राकडे तक्रार गेली; बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे घेतात. तिथे समझोता झाला नाही. पण २०२१ मध्ये दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक माणूस यांनी बासेलच्या दिवाणी न्यायालयात कंपनीवर दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. हा दावा हेगच्या शांतता राजवाड्यात, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या इमारतीत, लागलेला नाही. कंपनीच्या घरच्या गावातल्या साध्या दिवाणी कोर्टात लागला आहे. त्याच वर्षी जानेवारीत डच न्यायालयाने नायजेरियातल्या शेतकऱ्यांच्या तेलगळतीच्या दाव्यात शेलच्या विरोधात निकाल दिला. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने झांबियातल्या गावकऱ्यांना वेदांता या खाण कंपनीविरुद्ध लंडनमध्ये दावा चालवू दिला.

भोपाळच्या वेळी हे जमलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ मध्ये, हा खटला भारतातच चालवा, म्हणून पीडितांना परत पाठवलं आणि पुढे १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. गेल्या काही वर्षांत युरोपात तरी ही वाट थोडी मोकळी झाली आहे. या वाटेवर चालायला जे लागतं ते पुरावा. आणि पुरावा गावात असतो, हंगाम संपला की विरत जातो.

तो कसा विरतो, ते एका गोष्टीवरून सांगतो. एका गावात एक बाई साक्ष देत होत्या. नवरा मजूर, दुसऱ्याच्या वावरात फवारायला गेलेला. त्या म्हणाल्या, “तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आले वावरातून. डोये लाल लाल. म्हणे मले दोन दोन दिसून रायले. पाणी पेले अन् तेच उलटून टाकलं.” आमच्यातला एक उत्साही कार्यकर्ता हे लिहून घेत होता: ‘दृष्टिदोष व उलट्या ही लक्षणे आढळली.’ मी त्याच्या हातातून वही घेतली. ‘दोन दोन दिसून रायले’ हे डॉक्टरला काही सांगतं. ‘लक्षणे आढळली’ हे कोणत्याही औषधाला लागू पडतं, आणि समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात विचारतो की ही भाषा बाईंची की तुमची? तान्हा पोळा म्हटलं की तारीख पंचांगातून निघते. माणसाला तारीख विचारलीत तर तो अंदाजाने काहीतरी सांगेल आणि पुढे तीच तारीख त्याच्या अंगावर येईल.

मग आम्ही त्या माणसाचा रुग्णालयातला केसपेपर पाहिला. त्यावर लिहिलं होतं, विष प्राशन. शेतातून उचलून आणलेला माणूस, अंगावरच्या कपड्यांना औषधाचा वास, आणि कागदावर त्याने विष पिल्याची नोंद. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यात विषबाधा म्हटलं की लिहिणाऱ्याचा हात त्याच शब्दाकडे जातो, आणि रात्रीच्या गर्दीत कोण विचारत बसतो. पण त्या दोन शब्दांनी कंपनीचा बचाव आयता तयार झाला. म्हणून सुनावणीच्या आधी प्रत्येक घरी केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि मर्गाची (पोलिसांकडच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीची) कागदं पाहा. मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल, आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला होता का, अहवाल आला का. न आलेले अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. नोंद चुकलेली असेल तर उचलून नेणाऱ्याची, गाडीवाल्याची, वावराच्या मालकाची साक्ष त्याच दिवशी घ्या. रिकामी बाटली गोठ्यात कुठे खोचलेली सापडली तर धुवू नका. लेबल आणि बॅच नंबरचा फोटो काढा, बाटली पंचांसमोर पिशवीत सीलबंद करा. दुकानदाराची पक्की पावती बहुधा नसते. कच्च्या चिठ्ठीवर किंवा उधारीच्या वहीत नाव सापडतं.

मजुरांचं प्रकरण अजून नाजूक. त्यांच्या नावे सातबारा नाही, पावती मालकाच्या नावाची, आणि मालक त्याच गावातला, कदाचित तुमच्या समितीतलाच. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत तर तो साक्ष देणार नाही आणि मजुराचा पुरावाच जाईल. माझं मत असं की मालकाला आधी विश्वासात घ्यावं. विष त्याने बनवलेलं नाही.

आता कंपनीची खुर्ची. बहुतेक लोकन्यायाधिकरणं इथे कच्ची राहतात. रसेल यांच्यावरही हाच आक्षेप होता की त्यांनी एकाच बाजूचे गुन्हे तपासले. जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत टाकलेल्या स्त्रियांसाठी डिसेंबर २००० मध्ये टोकियोत जे न्यायाधिकरण भरलं, त्यांनी हे फार नीट केलं. जपान सरकारला निमंत्रण दिलं आणि सरकार आलं नाही तेव्हा त्याची बाजू मांडायला न्यायमित्र नेमले. अध्यक्ष होत्या युगोस्लाव्हियावरच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या माजी अध्यक्ष गॅब्रिएल कर्क मॅकडोनल्ड. पन्नास वर्षांपूर्वीच्या अधिकृत टोकियो खटल्याने ज्या सम्राटाला हातही लावला नव्हता, त्याला या न्यायाधिकरणाने दोषी ठरवलं. शिक्षा कोणाला झाली नाही. पण त्या म्हाताऱ्या बायकांची साक्ष उलटतपासणीसाठी तयार होऊन कागदावर आली.

तुम्हीही तसंच करा. कंपनीच्या भारतातल्या आणि परदेशातल्या दोन्ही पत्त्यांवर स्पीड पोस्टाने निमंत्रण पाठवा, पोचपावती जपा. ते येणार नाहीत. तेव्हा आपल्यातल्याच एखाद्या तयारीच्या वकिलाला त्यांची बाजू मांडायला सांगा, आणि तो कसूर करणार नाही याची काळजी घ्या. तो म्हणेल, लेबलवर हातमोजे, मास्क, चष्मा घाला असं छापलेलं होतं. तो म्हणेल, तुम्ही तीन औषधं मिसळलीत, ती आमची नव्हती. तो म्हणेल, दुकानदाराने सांगितलं ते आमच्या माथी का?

या पहिल्या मुद्द्याला चांगलं उत्तर आहे, आणि ते अशा सुनावणीतच नीट मांडता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकांबाबतची आचारसंहिता आहे. तिचं कलम ३.६ असं सांगतं की जी औषधं हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत. भादव्याच्या उकाड्यात डोक्याएवढ्या कपाशीत रबरी कोट घालून दिवसभर पंप चालवून दाखवा, असं पंचांनी कंपनीच्या वकिलाला जरूर विचारावं. ही संहिता ऐच्छिक आहे, तिच्या भंगाबद्दल थेट दावा लावता येत नाही. लोकन्यायाधिकरणाला मात्र ती मोजपट्टी म्हणून वापरायची मुभा आहे, आणि एकदा तिथे साक्षींशी तिची सांगड घातली गेली की पुढे नोंदणी रद्द करण्याच्या मागणीत किंवा नागपूर खंडपीठातल्या जनहित याचिकेत ती जोडता येते.

तुमच्या २०१७ च्या घटनांबद्दल स्पष्ट बोलतो. आपल्या देशातल्या बहुतेक मुदती उलटून गेल्या आहेत. मृत्यूच्या भरपाईच्या दाव्याला दोन वर्षं, ग्राहक आयोगाला दोन वर्षं. परदेशातल्या मुदतीचा हिशेब तिथल्या वकिलाकडूनच करून घ्या. भरपाई मिळवून देतो असं जो कोणी आज त्या घरांना सांगतो आहे, त्याला थांबवा. पण विषबाधा दर हंगामात होतेच आहे. यंदाच्या पावसाळ्यात जो माणूस आडवा होईल त्याची मुदत आज सुरूही झालेली नाही. सुनावणीसाठी तयार झालेली तुमची समिती, साक्ष कशी घ्यायची हे शिकलेली चार पोरं, आणि रुग्णालयात पहिल्या रात्री ‘फवारणी करताना’ हे शब्द केसपेपरवर लिहून घेणारा एक माणूस, हे त्याच्या उपयोगी पडेल.

ग्रामसभेचा ठरावही करा, तारीख, नावं आणि घटना लिहून. ठरावाने कंपनीला शिक्षा होत नाही, पण तो सरकारी दप्तरातला कागद आहे. आणि ग्रामसभेचं वजन कधी कधी मोठं ठरतं. ओडिशातल्या नियमगिरीवर खाण नको हे २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना विचारा म्हटल्यामुळे ते चाललं. तिथे वनहक्क कायद्याचा आधार होता, तुमच्या विषयात तो नाही, तेव्हा तेवढी अपेक्षा ठेवू नका.

राहिला न्यायमूर्तींचा प्रश्न. निवृत्त न्यायमूर्ती आले तर छापून येतं, हे खरं. १९९३ मध्ये मुंबईच्या दंगलींवर न्या. सुरेश आणि न्या. दाऊद यांनी साक्षी घेऊन अहवाल दिला, तेव्हा सरकारी आयोगाचं काम पुरं व्हायला कित्येक वर्षं होती. त्या दर्जाची माणसं मिळाली तर घ्या. पण त्यांना दोन तासांसाठी बोलावून हार घालून परत पाठवायचं असेल तर त्यापेक्षा एक विषशास्त्र जाणणारा डॉक्टर आणि एक जुना, सेवेतून बाहेर पडलेला कृषी अधिकारी बोलावा. ते दिवसभर बसतील आणि नेमके प्रश्न विचारतील.

विधवांचे फोटो आणि नावं वर्तमानपत्रात देण्याआधी त्यांना एकांतात विचारा, सासरच्यांसमोर नको. साक्षीच्या प्रत्येक पानावर अंगठा किंवा सही, वाचून दाखवल्याची नोंद, दोन पंच. मूळ प्रत एकाच माणसाच्या घरी ठेवू नका, आणि कोणत्याही संस्थेला मूळ प्रत देऊ नका, माझ्यासारख्या वकिलालाही नाही. झेरॉक्स द्या.

दिवस मात्र मृगाच्या आधीचा धरा. कापूस वेचून झालेला असतो, माणसं मोकळी असतात, आणि पुढच्या फवारणीला अजून दोन-अडीच महिने असतात. सभा ग्रामपंचायतीच्या समाजमंदिरात होऊ शकते, मंडप लागत नाही. पहिली वर्गणी झेरॉक्स, स्पीड पोस्ट आणि माहिती अधिकाराच्या अर्जांवर घाला. ती संपली की मला कळवा, पुढच्या खर्चाचा अंदाज कागदपत्रं पाहून देईन.